आईच्या वहीतली 'दामिनी' विकिपीडियावर किती घालू?

वहीवाली_नाशिक:
घर आवरताना आईची दोनशेपानी वही सापडली. दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची तेव्हा शेजारच्या काकू नर्स म्हणून ड्युटीवर असायच्या, म्हणून आई रोजचा भाग त्यांच्यासाठी लिहून ठेवायची. तारीख, कोण काय म्हणालं, कोणती साडी, सगळं. एकशे ऐंशी भाग आहेत. मराठी विकिपीडियावर प्रत्येक भागाचं वेगळं पान करायचं डोक्यात आहे, चार पानांचा मजकूर तयारही आहे. पण ज्ञानकोशात यातलं काय बसतं? साडी नको, एवढं मलाही कळतं.

संदर्भ_द्या:
ताई, भागवार पानं नको. मी असली पानं काढायला लावणाऱ्यांतलाच, आधीच माफी मागतो. बघायचं एवढंच, की त्या भागाबद्दल मालिकेबाहेरच्या कुणी काही लिहिलंय का. १९८५ची 'रजनी' घ्या. प्रिया तेंडुलकर टॅक्सीवाल्यांना जाब विचारते तो भाग लागला आणि मुंबईतले टॅक्सीवाले निषेधाला उतरले. त्यावर लिहायलाच हवं. किंवा जपानमधला १६ डिसेंबर १९९७चा 'पोकेमॉन'चा भाग. लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेच्या वर प्रेक्षकांना, बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद होती. डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिले. अशा भागाला खुशाल स्वतंत्र पान द्या. आणि तरीही कथानक इंग्रजी विकीवर चारशे शब्दांत आटपायचा दंडक आहे. तुमचा एक भाग किती शब्दांचा?

वहीवाली_नाशिक:
नऊशे. 😐

पडद्यामागची:
पण मराठीत हा नियम लावला तर आपल्या हाती काय उरतं? अमेरिकेत एकेका भागाचं परीक्षण येतं. आपल्याकडे पुरवणीत येतं 'मालिकेत मोठं वळण'. मी दोन वर्षं एका मालिकेच्या लेखन टीममध्ये होते. ते वळण आमच्याकडूनच मेलने जायचं आणि काना-मात्रा न बदलता छापून यायचं, एकदा तर आमच्या चुकीसकट. ते चालतं आणि आईची वही चालत नाही?

संदर्भ_द्या:
ते तरी कुठे चालतं? दोन्ही बाद. आकड्यांचंही तेच. लॉकडाऊनमध्ये 'रामायण' पुन्हा लागलं, १६ एप्रिल २०२०च्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक, जागतिक विक्रम, असं दूरदर्शनने जाहीर केलं. अमेरिकेतल्या 'मॅश'च्या १९८३मधल्या शेवटच्या भागाचा आकडा १० कोटींच्या वर सांगतात. म्हणून 'दूरदर्शनचा दावा' असंच लिहायचं.
ताई, वही छापलेली नाही, त्यामुळे संदर्भ म्हणून देता येणार नाही. पण तारखा आहेत ना? कलाकार बदलला, वेळ बदलली, असं काही टिपलं असेल तर त्या आठवड्याचे पेपर वाचनालयात काढून बघा. छापील सापडलं तर मालिकेच्या मूळ पानावर ओळ घाला.

वहीवाली_नाशिक:
आहे एक! "आजपासून त्या कामाला दुसरी बाई. आवाज बरा." तारीखही आहे. शनिवारी वाचनालयात जाते. चारही पानांचा मजकूर पुसला.
एका पानावर मात्र एवढंच आहे: "शेवटची दहा मिनिटं लाइट नव्हती." आणि खाली काकूंच्या अक्षरात: "वॉर्डातल्या मावशींनी पाहिलं. रात्री येऊन सांगते."