अँटिव्हायरस काढला तरी मागे काय उरतं? तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे कॉम्प्युटर जरा अडला की सरळ ‘फॉरमॅट मारा’ सांगतात, आणि त्यात लोकांचे फोटो, हिशेब कायमचे जातात. कितीदा तरी दोष अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसचाच असतो. खानदेशातल्या मंडळींनी आपापला अनुभव इथे लिहावा. सुरुवात माझ्यापासून.

माझं रावेरला केळीच्या गाड्या भरण्याचं काम. ऐन कापणीत वायफाय जोडलेलं दिसे, पण एक पान उघडेना. मोबाईलवर तेच नेट पळत होतं. बिल्टी अडकलेली, बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. शेवटी नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या. यादीत महिन्यापूर्वी काढलेल्या अँटिव्हायरसचं नाव, आणि समोर टिक! ती काढून ओके केलं, नेट सुरू. मग त्या कंपनीच्या साइटवरून तिचंच रिमूव्हल टूल घेतलं आणि सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं तो प्रकार) चालवलं, तेव्हा कुठे ती ओळ गेली.

धुळ्याहून लिहितेय. माझा विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, चालूच होईना. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला दिसला की डिफेंडर आपणहून बंद होतो. इथे जुन्याची नुसती नोंद उरली होती, म्हणजे लॅपटॉप इतके दिवस उघडाच! भावाने तोच अँटिव्हायरस परत टाकला, रीस्टार्ट केलं, मग नीट काढला. नोंद गेली.

भुसावळ. हिशेबाची फाइल उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागे. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ (fltmc) ही कमांड दिली, तर दोन जुन्या अँटिव्हायरसचे फिल्टर (फाइल तपासणारे ड्रायव्हर) अजून चालू! प्रत्येक फाइल त्यांच्या हाताखालून जात होती. पण भाऊ, ड्रायव्हर्स फोल्डरमधली फाइल हाताने उडवू नका. मी उडवली आणि निळा पडदा आला. रिस्टोर पॉइंट (विंडोजची आधीची जपून ठेवलेली स्थिती) होता म्हणून वाचलो. नंतर दोन्ही कंपन्यांची टूल्स एकेक करून चालवली, मधे रीस्टार्ट.

नंदुरबारहून एवढंच: काढल्यावर शट डाउन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर चालू व्हावं म्हणूनची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर मेमरीतून पुरते उतरत नाहीत. रीस्टार्टच दाबा. माझं तेवढ्यानेच सुटलं.