मदत हवी आहे: ड्रायव्हर म्हणतो सीट झकास, पण कमरेमागे गोधडी!

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, संभाजीनगरात. प्रोजेक्ट घेतलाय जालना रस्त्यावरच्या काळीपिवळी गाड्यांच्या ड्रायव्हर सीटचा.

मोजमापाचं जमतंय. बाजूने फोटो काढायचा, मान-पाठ-हाताचे कोन बघायचे आणि रुला पद्धतीने (बसण्याची ढब शरीराला किती जाचक आहे ते मोजायची पद्धत) गुण द्यायचे. ७ आले की लगेच बदल हवा. घोडं अडलंय समाधानाच्या प्रश्नावलीवर. १ ते ५ मध्ये विचारलं की सगळे ५ वरच बोट ठेवतात. "चांगलीय की सीट, काय झालं तिला?" म्हणणाऱ्या काकांच्या कमरेमागे जुन्या लुगड्याच्या गोधडीची घडी, सुतळीने आवळलेली! वर पुढे एक जादा प्रवासी घेतला की हेच काका दाराला टेकून तिरके बसतात आणि त्याच्या पायांमधून गिअर टाकतात.

कुठे दुखतं ते विचारणाऱ्या नॉर्डिक प्रश्नावलीत शरीराचे ९ भाग आहेत. त्यातला पाठीचा खालचा भागही आमच्याकडे कंबर आणि नितंबही कंबरच. म्हणून आता शरीराचं चित्र दाखवून बोट ठेवायला सांगतोय.

ज्यांनी असा सर्व्हे केलाय त्यांनी सांगा: पहिल्या फेरीआधी आणि शेवटच्या फेरीनंतर असं दोनदा विचारावं का? की 'समाधानी आहात का' हा प्रश्नच काढून टाकून, गोधडी, उशी, टेकू अशा जुगाडांची नोंद घ्यावी? सर म्हणतात, "अजून फॉर्म भरून घ्या." अजून जण ५ वरच बोट ठेवतील, दुसरं काय!