उसाच्या वाढ्यावरच्या गाईचं फॅट 3.0, माजही नाही

सीनाकाठ, माढा (प्रश्न)
एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत, वजन अंदाजे 400 किलो, व्यायला साडेतीन महिने झाले. दोन्ही वेळचं मिळून 14 लिटर दूध. साखर कारखाने चालू आहेत तोवर ऊसतोडीवरून वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या मिळतात. रोज 25 किलो वाढे, 3 किलो कडबा, 3 किलो सरकी पेंड. वैरण सगळी कुट्टी करून. फॅट 3.0, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.0 लागतोय, दर कापला जातो. व्याल्यापासून माजावर आलेली नाही. रोज लिटरभर चुन्याची निवळी पाजतो, तरी फरक नाही. कुठं चुकतंय?

कडबा_कुट्टी
दादा, गाईचं पोट भरतंय, पण अंगी लागत नाही. तुमच्या वैरण-खुराकाचा कोरडा अंश साधारण साडेबारा किलो होतो, तो पुरेसा आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त वाढ्याचा, आणि वाढ्यात प्रथिनं जेमतेम 5-6 टक्के. ऊर्जेला धान्य तर काहीच नाही. एसएनएफ पडणं आणि माज न येणं, दोन्हीचं मूळ बहुतेक इथंच.

अंगासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागं 1 किलो खुराक धरा, 14 लिटरला 7 किलो झाला. मका भरडा अडीच, सरकी पेंड अडीच, गहू भुसा दीड, सोयाबीन पेंड अर्धा किलो. वाढे 15 किलोवर आणा, 5 किलो मेथीघास (लसूणघास) घाला. दोन दिवसाला अर्धा किलो अशा बेतानंच खुराक वाढवा आणि तीन वेळा विभागून द्या. एकदम ओतलात तर पोटात आम्ल वाढतं, गाय वैरण सोडते, आणि फॅट आणखी खाली जातं.

मंगळवेढा_गोठा
निवळीबद्दल. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून शेणावाटे बाहेर काढतं, म्हणून चुना द्यायची पद्धत पडली. पण चुना पाण्यात फार कमी विरघळतो. लिटरभर निवळीत कॅल्शियम 1 ग्रॅमही नसतं, आणि या गाईला रोज 60 ग्रॅमच्या आसपास लागतं. त्यापेक्षा खुराकात 100 ग्रॅम खनिज मिश्रण (पिशवीवर कॅल्शियम 20, फॉस्फरस 12 टक्के बघूनच घ्या), 50 ग्रॅम कॅल्साइट (चुनखडीची) पावडर आणि 30 ग्रॅम मीठ मिसळा. भाकड काळातल्या शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कॅल्साइट बंद, नाहीतर व्याल्यावर दुग्धज्वराने (रक्तातलं कॅल्शियम पडून) गाय बसते.

भीमाथडी
फॅटसाठी आधी कुट्टी बघा. तुकडा केवढा पडतो? गाय निवांत बसली की रवंथाच्या एका घोटाला (पोटातून वर आलेल्या एका घासाला) किती वेळा चावते ते मोजा. 50-60 हवेत. 40 च्या आत असेल तर कुट्टी बारीक आहे, रवंथ कमी, लाळ कमी, मग पोटात आम्ल वाढून फॅट पडतं. शेवटच्या धारा वासराला सोडता का? सगळ्यात जास्त फॅट त्याच धारांत असतं.

सीनाकाठ, माढा
तुकडा पाव इंचाचा आहे. आत्ता मोजलं, 38 ते 42 वेळा चावते. शेवटच्या धारा वासरालाच जातात.

भीमाथडी
मग मशीनचा गिअर बदलून तुकडा एक इंचावर आणा. वासराला सुरुवातीच्या धारा द्या, शेवट कासेत ठेवू नका. फॅट 10 दिवसांनी बघा. माजाला वेळ लागेल, पण त्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. आत पू असेल तर खुराकाने काही होत नाही. आणि गाळप संपायच्या पंधरा दिवस आधीपासून मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) थोडा थोडा सुरू करा, वाढे एका दिवसात तोडू नका.