मदत हवी आहे: आजारातून उठलेली मुलगी एकदम मोठी झालीय

मुलगी सोळा वर्षांची. ल्युकेमियाचे (रक्ताचा कर्करोग, त्यातला एएलएल हा प्रकार) उपचार संपले, आजार परतू नये म्हणून दिली जाणारी मेंटेनन्स केमोही थांबली, रिपोर्ट चांगले आहेत. हे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात, त्यामुळे ऐन वाढीचं वय त्यातच गेलं. आता घरात सगळ्यांत शहाणी तीच. धाकट्याची समजूत काढते, खर्चाची चौकशी करते. सलाइनसाठी शीर सापडेना तेव्हा नर्सलाच धीर द्यायची! नातेवाईक कौतुक करतात, मला मात्र धास्ती वाटते.

मैत्रिणी मार्कांवरून रडतात ते तिला पोरकट वाटतं, म्हणून बोलणंच तुटलंय. आणि फॉलो-अपच्या रक्ततपासणीच्या आदल्या रात्री हीच शहाणी मुलगी नखं कुरतडत माझ्याशेजारी येऊन झोपते. विचारलं तर "काही नाही गं."

मोठ्या आघातातून माणूस असा प्रगल्भ होतो, त्याला मानसशास्त्रात 'पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ' म्हणतात, आणि अशी वाढ नि भीती एकत्र नांदू शकतात, हे वाचलंय. पण समजूतदारपणा खरा किती आणि आम्हाला त्रास नको म्हणून पांघरलेला किती, हे ओळखायचं कसं?

कुणाची मुलं यातून गेलीत का? समुपदेशनाचा जास्त उपयोग झाला, की बऱ्या झालेल्या मुलांच्या गटाचा? तिला न दुखावता विषय कसा काढलात? "होईल सगळं ठीक" सोडून काहीही सांगा.