मदत हवी आहे: लेकीच्या वाढदिवसाला प्रत्येकी खाऊचा बॉक्स, बजेट ७०-७५ रुपये (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी लेकीचा सहावा वाढदिवस. सोसायटीच्या गच्चीवर, रविवारी संध्याकाळी ५ ते ७. मुलं २५ तरी होतील. शिवाय पाठीला धाकटी भावंडं येतातच, म्हणून ३० बॉक्स धरतेय.

ताटल्या मांडून पावभाजी-पुलाव करायचा नाही असं पक्कं ठरलंय. या वयाची मुलं एका जागी बसून जेवत नाहीत. दोन घास खाऊन ताटली खुर्चीवर ठेवतात आणि पळतात, मग त्याच खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसतं. त्यापेक्षा हातात बॉक्स दिला की खाल्लं तर खाल्लं, नाहीतर घरी नेलं.

केटररकडे चौकशी केली. एकाचा भाव ऐकूनच फोन ठेवला, दुसरा ५० च्या खाली ऑर्डर घेत नाही. म्हणजे घरीच करायचं. मला शनिवारी संध्याकाळपर्यंत ऑफिस आहे. सासूबाई मदतीला आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा उभं राहून घाणे तळणं नको. घरात एक छोटा ओटीजी (विजेचा ओव्हन) आहे.

केक, वेफर्स, सँडविच, पेढा आणि ज्यूसचं खोकं, एवढं डोक्यात आहे. पण हे सगळेच देतात. मुलं वेफर्स संपवतात आणि सँडविच ओलं होऊन परत जातं. दुपारी भरलेलं संध्याकाळी चांगलं राहील असं काय द्यावं? एक मुलगा जैन आहे आणि एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बॉक्स कुठे स्वस्त मिळतील? आणि सोबत येणाऱ्या आई-आज्यांना काय द्यायचं?

पंचवटीकर

नाशकात राहून एवढा विचार? मिसळ ठेवा. मुलांना पाव-फरसाण, मोठ्यांना तर्री. प्रश्न मिटला.

इंदिरानगरकर

दादा, गच्ची धुवायला तुम्ही येणार असाल तर ठेवते!

गंगापूररोडवाली

ताई, मी घरून खाऊच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी बॉक्स आणा, मेन्यू नंतर. बॉक्स मोठा निघाला की त्यात खाऊ बिचारा वाटतो, मग आपण उगाच दोन वस्तू वाढवतो आणि बजेट तिथेच फसतं. साधा खाकी कागदी बॉक्स घ्या, कप्प्यांचा महाग पडतो. आत कपकेकच्या कागदी वाट्या ठेवल्या की कप्पे आपोआप होतात. मेन रोड, भद्रकालीच्या बाजूला डिस्पोजेबलच्या होलसेल दुकानांत फिरा, कॉलेज रोडला तोच बॉक्स घेऊ नका. तळाला बटर पेपर घाला. वर्तमानपत्र अजिबात नको, तेलकट पदार्थाला शाई लागते.

दुसरं म्हणजे गरम काही भरायचं नाही. कोमट वाटलं तरी नाही. इडली कोमट असताना झाकण लावलंत तर दहा मिनिटांत झाकणाला आतून थेंब धरतात. ते खाली पडतात नेमके वेफर्सवर. परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करा आणि मग भरा.

सँडविच ओलं होतं ते काकडी-टोमॅटोमुळे. ते काढाच. दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत बटर लावा, म्हणजे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. चटणी घट्ट वाटा, पाणी न घालता. त्यात दाण्यांऐवजी डाळं घाला, लसूण-आलं नको. वर किसलेलं चीज. बटाटा-कांदा नाही, म्हणजे ते जैन मुलालाही चालेल आणि दाणे नाहीत म्हणजे त्या मुलीलाही. सगळे बॉक्स सारखेच करा. वेगळा बॉक्स केला की वाटताना हमखास अदलाबदल होते, आणि ज्या मुलाला वेगळा मिळतो त्याचं तोंड उतरतं ते निराळंच.

तरी दोन्ही आयांना आधी फोन करा. आठम-चौदस, म्हणजे अष्टमी-चतुर्दशी, असेल तर काही जैन घरांत हिरवं खात नाहीत, मग कोथिंबिरीची चटणी बाद. काही जण बाहेरचा ब्रेडही घेत नाहीत. आणि महत्त्वाचं: चौविहार पाळत असतील तर सूर्यास्तानंतर तो मुलगा खाणार नाही. फेब्रुवारीअखेर सूर्य पावणेसातच्या आत मावळतो. म्हणजे केक कापायला सात वाजवू नका, पावणेसहाला बॉक्स हातात द्या.

दाण्यांचं तर जास्तच सांभाळा. आपल्याकडच्या चिवड्यात दाणे असतात, आणि घरी दाण्याचं तेल वापरत असाल तर तेही विचारात घ्या. पाकिटातलं काही घेणार असाल तर मागची ॲलर्जीची सूचना वाचून घ्या. सुट्टं फरसाण त्या दिवशी आणूच नका, दुकानात सगळं एकाच चमच्याने भरतात.

सिडकोचा बाबा

वेफर्सऐवजी पॉपकॉर्न. अर्धा किलो मक्याचे दाणे ३० मुलांना पुरून उरतात. कुकरमध्ये बटर-मीठ घालून दुपारी करा, गार झाले की कागदी कोनात भरा. पण तीन-चार वर्षांच्या आतल्या भावंडांना पॉपकॉर्न नको, घशात अडकतो. त्यांना कुरमुरे द्या.

नाशिकरोडची मावशी

फेब्रुवारीत द्राक्षं सोडून पेढा कशाला देतेस गं? घड नको, सुटे मणी घे, स्वस्त मिळतात. फक्त एक दिवस आधीच घे. फार आधी आणलेस तर देठाकडून पाणी सुटतं. मिठाच्या पाण्यात ठेवून, दोनदा धुऊन, फडक्यावर कोरडे कर. पाचाच्या आतल्या पोरांना अख्खा मणी द्यायचा नाही, उभा चिरून चार तुकडे. माझी नात सहाची आहे, तिलाही मी उभे चिरूनच देते, लोक काय हसायचे ते हसोत.

आणि ज्यूसचं खोकं काढून टाक. त्या कागदी स्ट्रॉ पाच मिनिटांत मऊ होतात, मग पोरं खोकं दाबतात आणि सगळं फ्रॉकवर. एका पिंपात कोकम सरबत, बाजूला कागदी पेले.

इंदिरानगरकर

मावशी, द्राक्षं फायनल! पॉपकॉर्नही. आता हिशोब बघा. एका मुलाला दोन स्लाइसचं एक सँडविच, तिरकं कापून. ३० बॉक्सना ६० स्लाइस. टोकाच्या जाड स्लाइस सोडून मोठ्या ब्रेडमधून पंधरा-सोळा निघतात, म्हणजे चार घेतले तर अगदी काठावर होईल, पाच आणते. माझा अंदाज असा: सँडविच १८, बॉक्स आणि बटर पेपर १२, द्राक्षं ८, पॉपकॉर्न ४, घरचा कपकेक १५. सगळे मिळून ५७. जमेल ना?

गंगापूररोडवाली

जमेल, पण कपकेक घरी करू नका. छोट्या ओटीजीत एका वेळी सहा बसतात, म्हणजे पाच घाणे, आणि प्रत्येकाला वीसेक मिनिटं. ऑफिसहून येऊन मध्यरात्र होईल. गल्लीतल्या बेकरीत साधे, क्रीम नसलेले बिनअंड्याचे कपकेक सांगून ठेवा. त्यांच्याकडे दाणे वापरतात का, तेही तेव्हाच विचारा. कापायला अर्ध्या किलोचा केक पुरे. तो घरच्यांनी खायचा, मुलांना वाटत बसायचा नाही. वरचा क्रीमवाला तुकडा बॉक्समध्ये ठेवलात तर बाकी सगळं त्यात माखेल.

सासूबाईंना चटणी आणि द्राक्षं सोपवा, दोन्ही बसून होतात. चटणी शनिवारी रात्री वाटून फ्रिजमध्ये. सँडविच रविवारी दुपारी तीननंतर भरा, वर ओलं फडकं घट्ट पिळून झाका, नाहीतर कडा वाळतात.

सिडकोचा बाबा

मोठ्यांचं राहिलं. चहा आणि दाणे न घालता घरी केलेला पोह्यांचा चिवडा. त्यांना बॉक्स दिलात तर ३० चे ५० होतील.

इंदिरानगरकर

फोन झाले. चौविहार पाळतात, पण ब्रेड चालतो आणि त्या दिवशी तिथी नाही. दुसरी आई म्हणाली की घरी दाण्याचं तेल असेल तर तिच्यापुरतं काही नको, म्हणून त्या दिवशीचं सगळं सूर्यफुलाच्या तेलात करतेय. बॉक्सही बघून आले. पण दुकानदार ५० चंच पाकीट देतो, फोडून देत नाही.

नाशिकरोडची मावशी

घे ५०. उरलेले २० मला दे, एप्रिलमध्ये नातीची मुंज... अगं मुंज नातवाची, वाढदिवस नातीचा. दोन्ही एकाच आठवड्यात आहेत.