मदत हवी आहे: खेड्यातला जुना बायोस्कोप

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये आम्ही राहतो त्या खेड्याच्या सभागृहासाठी जुन्या चित्र-खेळांवर छोटा फलक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लंडनला ल्युमिएर या फ्रेंच बंधूंचा हलत्या चित्रांचा खेळ २० फेब्रुवारी १८९६ ला झाला, मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलैला. म्हणजे मुंबई फार मागे नव्हती, हे इथल्या आजोबांना सांगताना मजा आली!

अडलंय ते असं: वीज नसलेल्या गावात चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून उजेड करत. शेजारी भडकन पेटणारी नायट्रेटची फिल्म! इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, १९०९ च्या सिनेमा कायद्याने प्रोजेक्टरला अग्निरोधक खोली सक्तीची केली. पण वर्षातून एखाददोन खेळ करणाऱ्या सभागृहांना त्यात सूट होती का? जाणकारांनी कृपया सांगा, फलक रविवारी छापायला जातोय.