धुळे-सोलापूर हायवेवर वेगमर्यादा कमी केली तर अपघात घटतील का?

गेवराईकर: आठवड्यातून तीनदा गेवराई ते संभाजीनगर कार चालवतो. चौपदरीवर १०० ची परवानगी. परवा रात्री पाचोडच्या अलीकडं ९५ वर होतो. समोर एकदम उसाची ट्रॉली! मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं वाढं लोंबत होतं. गाडी हातभर अंतरावर थांबली. बायको अजून त्या रस्त्यानं यायला तयार नाही. ८० ची मर्यादा केली तर फरक पडेल का?

जालन्याचा टेम्पोवाला: पडतो की भाऊ. १०० वर गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, ८० वर २२. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद जातो. ब्रेक दाबल्यावरचं अंतर तर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ८० पेक्षा १०० ला दीडपट. डिपरवर तेवढं पुढचं दिसतच नाही.

बीडचा मास्तर: नुसती पाटी बदलून भागणार नाही. निम्मे ८० नं अन् निम्मे १२० नं निघाले तर ओव्हरटेकच वाढतील. आधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा.

मांजरसुंबा: घाटात मी ट्रक उतरवतो. तिथं ४० सुद्धा जास्त होतंय, सर.

गेवराईकर: पटलं. रात्री आता ७० च्या वर जाणार नाही. आमच्या गावात नऊ ट्रॉल्या आहेत, रविवारी लाल पट्टीचा रोल आणून स्वतः चिकटवतो. टेम्पोवाले दादा, मातीनं माखलेल्या पत्र्यावर ती टिकते का?

जालन्याचा टेम्पोवाला: आधी पत्रा साबणाच्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडा करा, मग टिकते.